८० लाख फेस, आणि कान कपाळाच्या रेषेत

आज परत तोच मेसेज. सोबत एका डोक्याच्या थ्रीडी मॉडेलची फाइल. "ब्लेंडरमध्ये मजा येत नाहीये, झीब्रश घेऊ का?" (ब्लेंडर म्हणजे फुकटचं थ्रीडी सॉफ्टवेअर, झीब्रश म्हणजे मूर्ती कोरायचं विकतचं.)

फाइल उघडली. ८० लाख फेस, म्हणजे मॉडेलच्या जाळीचे इवले तुकडे. गालावर रंध्रंसुद्धा कोरलेली. आणि कान भुवयांच्या वर! झीब्रश घेतल्यावर कान आपोआप खाली सरकणार आहेत का?

प्रत्येक सबडिव्हिजनला, म्हणजे जाळी आणखी बारीक विभागली की, फेस चौपट होतात. १० हजारांची जाळी पाच वेळा विभागली की १ कोटीच्या वर. एवढ्या दाट जाळीवर कान ग्रॅब ब्रशने ओढला की गुठळ्या येतात, मग गुळगुळीत करणारा स्मूद ब्रश फिरवायचा, मग आकारच पुसला जातो. यात सॉफ्टवेअरचा काय दोष? आधी ब्लेंडरमध्ये कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करा, म्हणजे मॉडेलचं बदललेलं माप पक्कं करा, नाहीतर ब्रश एका दिशेला ताणल्यासारखा चालतो. मग व्होक्सेल रीमेश, म्हणजे मॉडेल सारख्या ठोकळ्यांत (व्होक्सेल) मोजून त्यावर नवी, एकसारखी जाळी. २ युनिट उंचीच्या डोक्याला व्होक्सेलची साइझ ०.०५ ठेवली तर साधारण ५ हजार फेस मिळतात. कवटी, जबडा, कान यांची जागा तिथेच ठरवायची. पटलं की ०.०२. ओठांमधली फट व्होक्सेलपेक्षा बारीक असेल तर ओठ चिकटणार, म्हणून तोंडाची रेघ शेवटी. आणि डोळे चेहऱ्यावर कोरत बसू नका हो. वेगळे गोल ठेवा, त्यावर पापण्या चढवा.

हो, जाळी कोटींत गेली की झीब्रश आरामात चालतं आणि ब्लेंडरचं मल्टिरेस (जाळीच्या जाड-बारीक पातळ्या सांभाळणारी सोय) धापा टाकतं. जाळी आपोआप नीट मांडणारं झीब्रशचं झीरीमेशरही भारी आहे. मान्य. पण ३२ मिलिमीटरची मूर्ती ०.०५ मिलिमीटरच्या थरांत थ्रीडी प्रिंटरवर छापायची असेल तर ती रंध्रं दिसणार कुणाला? डेसिमेट करून, म्हणजे फेस कमी करून, काही लाखांवर आणलं तरी भागतं.

वर झीब्रशचं ते सबस्क्रिप्शन. छंद म्हणजे आठवड्यातून दोन संध्याकाळी, मीटर मात्र महिनाभर चालू. शिवाय झीब्रशची स्वतःची तऱ्हा आहे. कॅनव्हासवर गोळा ओढल्यावर टी दाबून एडिट मोड लावला नाही, तर कोरण्याऐवजी गोळ्यांचे ठसेच पडत जातात. टी दाबलात तरी मेक पॉलिमेश थ्रीडीचं बटण दाबून गोळ्याची कोरण्याजोगी जाळी केल्याशिवाय ब्रश चालत नाही. पहिले काही दिवस यातच जातात. "प्रोफेशनल लोक तेच वापरतात" म्हणे. त्यांना पगार मिळतो, बाबांनो!

बरं, जरा जास्तच बोललो. त्या डोक्याचं नाक खरंच चांगलं होतं. नाकपुडीची कड गालात कशी विरते ते बरोबर पकडलंय, आणि तेही माउसने! माउसला दाब कळत नाही, प्रत्येक फटकारा सारख्याच जोराचा. पैसे घालायचेच असतील तर आधी पेन टॅब्लेटमध्ये घाला, लहानातला लहान चालेल. अँड्रॉइड टॅब्लेट किंवा आयपॅड असेल तर नोमॅड स्कल्प्ट हे कोरायचं ॲप बघा, एकदाच पैसे.

आकार पक्के झाल्यावरही तीन मॉडेल लागोपाठ मल्टिरेसमध्ये अडकली, तर घ्या झीब्रश. महिन्यापुरतं. वर्षाचं नको.

डोकंवाल्याला कळवलंय: फाइलची कॉपी ठेव, ०.०५ वर रीमेश कर, कानाचा वरचा काठ भुवईच्या रेषेत आण, खालचा नाकाच्या बुडाशी. रंध्रं जातील. जाऊ देत. नाकही बोथट होईल, तेवढ्याचं वाईट वाटतंय.