फ्रेम उघडता आली पाहिजे

फ्रेम करायला गेलात की पट्टी निवडायच्या आधी दुकानदाराला एक प्रश्न विचारा: "उद्या फोटो बाहेर काढायचा झाला तर निघेल का?" तो म्हणाला, "कशाला काढताय, जन्मभर हलणार नाही असा पक्का चिकटवून देतो," तर फोटो परत पिशवीत घाला आणि दुसरं दुकान बघा. मी स्वतः फ्रेमवाला आहे, सांगलीत वडिलांपासूनचं दुकान आहे. धंद्यातल्या काही जणांना हे झोंबणार, हे ठाऊक असून लिहितोय. आमच्याकडे "पक्कं" म्हणून जे विकलं जातं, त्यानं जेवढे फोटो घालवले तेवढे पावसानंही घालवले नसतील.

पट्टीला वाळवी लागते, काच फुटते, मागचा हार्डबोर्ड ओल धरून फुगतो. हे सगळं कधी ना कधी बदलावं लागणारच आणि बाजारात नवं मिळतंही. आतला कागद तेवढा मिळत नाही. म्हणून त्या कागदाला जे काही करायचं ते परत सोडवता येईल असंच करायचं. माझा सगळा हट्ट एवढाच आहे.

सर्टिफिकेटांपासून सुरुवात करतो, कारण यात नुकसान सगळ्यात लवकर कळतं. मुलगा इंजिनिअर झाला की घरचे कौतुकानं मूळ डिग्री घेऊन येतात. प्लायवर चिकटवून वर फिल्म मारून घेतात, भिंतीवर झकास दिसते. चार वर्षांनी तोच मुलगा परदेशी निघतो, कागदपत्रांचं अटेस्टेशन करायला जातो. तिथे शिक्के आणि अपोस्टिलचं, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकार लावतं ते स्टिकर मूळ कागदाच्या मागच्या बाजूला लागतं. आता मागची बाजू कुठून आणायची? ती प्लायमध्ये गेली! मग बाप-लेक माझ्या दुकानात उभे, "दादा, काहीतरी करा." विद्यापीठाकडून दुसरी प्रत काढण्याशिवाय बऱ्याचदा इलाज उरत नाही. भिंतीवर लावायला चांगल्या कागदावर रंगीत प्रत काढा. दहा फुटांवरून पाहुण्यांना फरक कळत नाही. मूळ कागद फाइलमध्ये, सपाट, कपाटात.

लॅमिनेशनचंही तेच. गरम रोलरमधून जाताना प्लास्टिकवरचा गोंद वितळून कागदाच्या धाग्यांत शिरतो. दुकानातला पोरगा म्हणतो, "आता पाणीसुद्धा लागणार नाही." कडेला जरा फट राहिली की पाणी आत जातंच आणि मग वाळायला वाट मिळत नाही. आजोबांची सनद, जुना सातबारा, हातानं लिहिलेली जन्मपत्रिका, यातलं काहीही लॅमिनेट करू नका. पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात नुसतं सरकवून ठेवलं तरी हाताळायला पुरतं, आणि पाहिजे तेव्हा बाहेर काढता येतं.

आता काच. काच आणि फोटो यांच्यात जागा पाहिजे, हे मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो आणि रोज ऐकतो, "माउंट नको, उगाच खर्च वाढतो." माउंट म्हणजे फोटोभोवतीची ती पुठ्ठ्याची खिडकी. ती शोभेची आहेच, पण तिचं खरं काम फोटोला काचेपासून लांब ठेवणं हे आहे. जुन्या फोटोंवरचा थर जिलेटिनचा असतो. दमट हवेत तो मऊ पडतो, काचेला टेकला की धरून ठेवतो आणि वाळला की काचेचाच होऊन बसतो. कोकणात तर पूर यायची गरजच नाही, दोन-चार पावसाळे पुरतात. माउंट नको असेल तर पट्टीच्या खाचेत काचेखाली बारीक पट्ट्या बसवून अंतर ठेवता येतं. खर्च किरकोळ असतो, पण सांगितल्याशिवाय कुणी करून देत नाही.

सांगलीकरांना मात्र पुरावरूनच समजावलेलं समजतं. २००५ चा पूर वडिलांनी निस्तरला, २०१९ चा मी. ऑगस्टात मारुती चौक, हरभट रोड सगळं पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर लोकांनी आधी गाद्या, फ्रीज, धान्याची पोती रस्त्यावर काढली. फोटो सगळ्यात शेवटी आले, आणि तोवर बरेच वाळून काचेला चिकटले होते. सांगलवाडीच्या एक काकू सासऱ्यांचा फोटो घेऊन आल्या. "दादा, एवढा एकच हाय त्यांचा. ब्लेडनं सोडवू का?" मी आधी त्यांच्या हातातली फ्रेम काढून घेतली.

म्हणून हे नीट वाचा, कारण पाणी २०२१ मध्येही आलं आणि पुढेही येणार. काचेला चिकटलेला फोटो कोरडा ओढायचा नाही. ब्लेड नाही, केसांचा ड्रायर नाही, पाठीमागून इस्त्री तर अजिबात नाही. पहिलं काम म्हणजे आहे तसाच, काचेसकट, त्याचा फोटो काढा किंवा स्कॅन करा. काच बाहेरून पुसा, सरळ समोरून, चमक येणार नाही अशा उजेडात. पुढे काही बिघडलं तरी चेहरा हातात राहिला. फोटो अजून ओला असेल तर त्याला वाळू देऊ नका. काचेसकट स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवा, आणि जिलेटिन सुटायला लागलं की पाण्यातच हळूहळू वेगळा होतो. डार्करूममधले फोटो मुळात पाण्यातच धुऊन तयार झालेले असतात, त्यामुळे थोडा वेळ स्वच्छ पाणी त्यांना मारत नाही. सुटल्यावर चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवा, त्या बाजूला बोट लावू नका. पण घरच्या प्रिंटरवर काढलेला फोटो किंवा जुन्या स्टुडिओत हातानं रंगवलेला फोटो पाण्यात घालायचा नाही, रंग वाहून जातो. आणि पूर्ण वाळून बसलेला असेल तर तो काचेवरच राहू द्या. तीच काच ठेवून नवी फ्रेम करता येते. काकूंच्या सासऱ्यांचा फोटो आम्ही तसाच ठेवला, आणि स्कॅनवरून दुसरी प्रत काढून भिंतीवर लावली.

त्या पुरात भिजून आलेल्या, पण माउंट असलेल्या फ्रेमा उघडताना जीव भांड्यात पडायचा. माउंट लगदा झालेला, हार्डबोर्ड फुगलेला, फोटोवर गाळाचे डाग, पण बहुतेक वेळा काचेपासून सुटा.

माउंट घेताना तो कशाचा आहे हे विचारा. साधा पुठ्ठा लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातल्या लिग्निन नावाच्या लाकडातल्या घटकामुळे हळूहळू आम्ल तयार होतं. जुनी फ्रेम उघडली की खिडकीच्या कडेनं फोटोवर तपकिरी रेघ उमटलेली दिसते, ती त्याचीच. वर्तमानपत्राचं कात्रण पिवळं पडतं तेही त्याच कारणानं. "ॲसिड-फ्री" माउंट जरा महाग पडतो. प्रत्येक फोटोला तो लागतो असं मी म्हणणार नाही, गोव्याच्या सहलीचे फोटो परत छापता येतात. आजीच्या लग्नाचा फोटो छापता येत नाही.

चिकटवायचं काय? शक्यतो काहीच नाही. जुन्या अल्बमला लावायचे कागदी कोपरे असतात ना, तसे मागच्या पुठ्ठ्यावर लावून त्यांत फोटो अडकवला की फोटोला गोंदाचा थेंब लागत नाही. मोठं चित्र असेल तर पातळ, चिवट कागदाच्या दोन बिजागऱ्या करून फक्त वरच्या कडेला लावायच्या. कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, त्याला खाली मोकळं सोडलं नाही तर तो लाटा मारतो. आणि त्या बिजागऱ्यांना सेलोटेप नाही, पांढरा गोंद नाही. खळ. गव्हाच्या पिठातला चोथा काढून राहिलेल्या सत्वाची शिजवलेली खळ पाण्यानं परत सुटते. जुने बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालायचे. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला ते चाललं असेल, चित्राला मी घालत नाही, तांबं कागदाला चांगलं नाही.

सेलोटेपबद्दल वेगळं लिहायला बसलो तर रात्र होईल. तिच्यातला गोंद आधी पिवळा होतो, मग कागदात झिरपतो, मग टेप गळून पडते आणि डाग राहतो.

अधूनमधून एखादं खरं घबाड दुकानात येतं. राजा रवि वर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी, सरस्वती, दत्त आपल्याकडच्या जुन्या देवघरांत अजून आहेत. लोक त्या घेऊन येतात आणि म्हणतात, "कडेचा पांढरा भाग कापून टाका, तयार फ्रेममध्ये बसेल." त्या पांढऱ्या भागातच खाली छापखान्याचं नाव बारीक अक्षरात असतं. ते कापलं की चित्र कुठलं हे सांगणारा पुरावा गेला, आणि विकायला काढलंत तर किंमतही गेली. चित्राच्या मापानं फ्रेम करायची असते. काही चित्रांवर घरातल्या बायकांनी जर, टिकल्या, कापड लावून देवीला साडी नेसवलेली असते. ती सजावट "साफ" करू नका. काच खोल बसवली की त्यातलं काही चुरगळत नाही. कॅनव्हासवरचं तैलचित्र असेल तर ते प्लायवर ठोकून घेऊ नका. मागच्या चौकटीच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात, कॅनव्हास सैल पडला की त्या जरा ठोकून ताण परत आणता येतो. त्यासाठीच त्या आहेत.

आमच्या धंद्यातली सगळ्यात घाईची ऑर्डर दहाव्याची किंवा तेराव्याची. अशा वेळी मी माउंट, बिजागरी असली भाषणं देत नाही, माणसं दमलेली असतात. मोबाइलमधला फोटो मोठा करून संध्याकाळपर्यंत देतो. एवढंच सांगतो की ताजा हार फ्रेमवर रात्रभर ठेवू नका. हारातलं पाणी आणि काचेवर लावलेलं गंध ओघळून खालच्या खाचेत जातं, काचेच्या आत चढतं आणि फोटो खालून पिवळा पडायला लागतो. वाईट झालेल्या अशा जवळपास सगळ्या फ्रेमा खालच्या बाजूनंच गेलेल्या असतात. रोज हार घालायचाच असेल तर चंदनाचा किंवा कापडी घाला.

टांगायचं थोडक्यात सांगतो. दोन बाय तीन फुटांची तीन मिलिमीटरची काच एकटीच चार किलोच्या आसपास भरते, एका खिळ्याच्या जिवावर ती सोडू नका, दोन ठिकाणी प्लग मारा. बाथरूमच्या मागची भिंत आणि पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंतीची ओल थेट लागत नाही, हवा खेळते. काच पुसताना फवारा फडक्यावर मारा, काचेवर नाही. आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर झालेत म्हणून फ्रेमवाल्याशी भांडू नका. त्यांतला निळसर रंग अंधाऱ्या कपाटातसुद्धा उडतो. तुमच्या आजोबांचं काळंपांढरं लग्न त्यामुळेच वडिलांच्या रंगीत लग्नापेक्षा ताजं दिसतं. ते रंगीत फोटो आहेत त्या अवस्थेत आजच स्कॅन करून घ्या.

दिवाळीच्या आधी रंगरंगोटीला भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमा उतरतात, तेव्हा प्रत्येकीची पाठ बघा. मागचा कागद फाटला असेल तर तिथून कसर आत जाते, नवा कागद लावून घ्या. हार्डबोर्ड फुगला असेल तर बदलायला द्या. कोपऱ्यातून पिठासारखा भुगा पडत असेल तर लाकूड पोखरणारी कीड आहे, ती फ्रेम बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि पट्टी टाकून द्या. फोटोवर एखादा भाग ओला असल्यासारखा चकाकत असेल तर तो काचेला टेकलाय. ती फ्रेम घरी उघडू नका, आहे तशी दुकानात आणा, आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी आणू नका.