उघडता येणारे यंत्र

परभणीच्या माझ्या घरात ट्रान्झिस्टर रेडिओ, कॅसेट डेक आणि आहुजा कंपनीचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आजही रोजच्या वापरात आहेत. नव्या वस्तूंपेक्षा मला ते अधिक मोलाचे वाटतात, आणि त्यामागचे कारण जुन्या आठवणींचे नसून ही यंत्रे उघडता येतात, समजतात आणि आपल्याच गावात दुरुस्त होतात, हे आहे.

जुन्या ट्रान्झिस्टरचे मागचे झाकण काढले की फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली कॉइल, स्टेशन लावताना फिरणारा गँग नावाचा भाग आणि ४५५ किलोहर्ट्झवर जुळवलेले आयएफटीचे (हवे ते स्टेशन वेगळे काढणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे) चौकोनी डबे असा आवाजाचा सारा प्रवास डोळ्यांसमोर उलगडतो. कित्येक संचांच्या आत कंपनीनेच सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे. ग्राहकावरचा तो विश्वास मला आजही मोठा वाटतो. आवाज वाढवताना खरखर आली तर व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये धूळ बसलेली असते, आवाज दबला तर बहुधा एखादा कंडेन्सर (वीज साठवणारा छोटा भाग) सुकलेला असतो, आणि संच मधूनच बंद पडत असेल तर कुठेतरी सोल्डरचा डाग, म्हणजे तारेचा जोड, सुटलेला असतो. सेलू, जिंतूर, वसमतसारख्या गावांतील मेकॅनिक असे दोष नुसत्या कानाने ओळखत. हरिनाम सप्ताहाच्या मंडपात ऐन वेळी अ‍ॅम्प्लिफायर बसला, तर आतला २एन३०५५ हा आवाजाला ताकद देणारा सुटा भाग बदलून काल्याच्या कीर्तनाआधी तो पुन्हा उभा करता येई.

गेल्या वर्षी आमच्या टीव्हीच्या पडद्यामागची एलईडीची एक पट्टी गेली. सेवा केंद्राने पूर्ण पॅनेल बदलण्याचा जो खर्च सांगितला, त्यात थोडी भर घातली असती तर नवा टीव्ही आला असता. मोबाईलची बॅटरी तर आत चिकटवूनच दिलेली असते. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांच्या रीतसर पुनर्वापराची नोंद आहे, हे वाचल्यावर मला आमचा तो टीव्ही आठवतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, हे चांगलेच झाले. पण सुटे भाग आणि सर्किटचा नकाशा तालुक्याच्या कारागिराच्या हाती पडेपर्यंत त्या हक्काचा आपल्याला उपयोग नाही. आयटीआयमध्ये पूर्वी ‘मेकॅनिक रेडिओ अँड टीव्ही’ हा स्वतंत्र ट्रेड होता. त्यातून तयार झालेले हात आता म्हातारे होत आहेत, याची मला खरी काळजी वाटते.

नव्याचे गुण मी नाकारत नाही. मोबाईलशिवाय माझेही चालत नाही, आणि व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा जुना, रेडिओ ट्रान्झिस्टरच्या कितीतरी पट वीज खातो, हेही खरे आहे. भारनियमनाच्या रात्री मात्र सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरने आम्हाला बातम्या दिल्या, शेतीचा सल्ला दिला, आणि त्यासाठी ना नेटवर्क लागले ना रिचार्ज.

ज्यांच्या घरी माळ्यावर वडिलांचा व्हॉल्व्ह रेडिओ पडून असेल, त्यांना एक कळकळीची विनंती आहे. तो भंगारात देऊ नका आणि उत्साहाच्या भरात थेट विजेलाही जोडू नका. वर्षानुवर्षे बंद असलेल्या संचातील कंडेन्सर बहुधा निकामी झालेले असतात, आणि आत २०० व्होल्टपेक्षा जास्त विजेचा दाब असू शकतो. म्हणून आधी जाणकार मेकॅनिककडून कंडेन्सर तपासून घ्या आणि मगच बटण दाबा.