साबणाला ‘कुठलाही डबा चालतो’? नाही चालत

लोफ म्हणजे साबणाची लांबट लादी, जिच्या नंतर वड्या कापतात. ती ओतायच्या साच्याबद्दल घरी साबण करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. थोड्याफार फरकाने तो असा: “लोफचा खास साचा घेणं म्हणजे पैसे वाया. घरातला कुठलाही केकचा डबा घ्या, आत फॉइल लावा, फॉइल नसेल तर तेलाचा हात फिरवा. गरम अन्न चालणारा प्लास्टिकचा डबाही चालतो. नाहीतर सरळ सिलिकॉन घ्या, त्याला काहीच लागत नाही. मापाची चिंता नको, मावेल तेवढं ओता. झालं की साचा धुवा आणि परत केकला वापरा.” सोपा सल्ला आहे, म्हणूनच धडाधड पुढे जातो. पण त्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे अडतं, आणि एक तर चक्क धोक्याचं आहे.

मुळात साबणाला केकचे नियम लावले की घोळ सुरू होतो. कोल्ड प्रोसेसमध्ये, म्हणजे बाहेरून न शिजवता साबण करताना, ट्रेस आल्यावर (मिश्रण ढवळून दाटसर झाल्यावर) आपण साच्यात ओततो तो साबण नसतोच. तेलं आणि लाय, म्हणजे पाण्यात विरघळवलेला कॉस्टिक सोडा, यांचं ते अर्धवट झालेलं मिश्रण असतं. उरलेलं साबणीकरण, म्हणजे तेलांचा साबण होणं, साच्यात होतं, पुढचे २४ ते ४८ तास, स्वतःची उष्णता तयार करत. जेल फेज आली, म्हणजे या उष्णतेने साबण मधेच मऊ आणि अर्धपारदर्शक झाला, तर लोफचा गाभा ६० ते ८० अंश सेल्सियसच्या घरात जातो. साच्याला आधी हे सगळं सोसावं लागतं, आकार देणं नंतरचं.

आता “घरातला कुठलाही केकचा डबा”. केकचे बरेचसे डबे ॲल्युमिनियमचे असतात, आणि ॲल्युमिनियम व कॉस्टिक सोडा यांचं अजिबात जमत नाही. एरवी या धातूवर ऑक्साइडचा एक पातळ थर असतो, तो त्याला सांभाळतो. लाय आधी तो थर विरघळवते आणि मग खालचा धातू खायला लागते. त्यातून हायड्रोजन वायू निघतो, आणि तो पेट घेणारा वायू आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचंही तेच होतं. स्टेनलेस स्टीलला मात्र काही होत नाही. काहीजण लोहचुंबक लावून डबा पारखतात, पण ती परीक्षा अर्धीच: ॲल्युमिनियमचा लेप दिलेल्या पोलादालाही चुंबक चिकटतं, आणि काही स्टेनलेस स्टीलला चिकटतच नाही. नॉनस्टिकचा लेप स्वतः लायला दाद देत नाही, मान्य. पण त्यावर एक ओरखडा असला, किनारीला लेप उडालेला असला, की लाय खालच्या धातूपर्यंत पोचते.

आणि फॉइल? हा तर त्या सल्ल्याचा सगळ्यात उलटा भाग. ज्या धातूपासून साबण वाचवायचा, त्याचाच कागदासारखा पातळ पत्रा साबणाला लपेटायचा! ओतल्यावर थोड्याच वेळात कडेने बारीक बुडबुडे यायला लागतात, चकाकी जाऊन फॉइल करडं पडतं, मग त्याला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. त्या भोकांतून मिश्रण खाली झिरपतं आणि फॉइलचे तुकडे साबणात रुतून बसतात. शिवाय जेवढी लाय ॲल्युमिनियमने खाल्ली तेवढी तेलांच्या वाट्याला कमी आली, म्हणजे त्या बाजूच्या वड्या मऊ आणि तेलकट. “मी लावलं होतं, काही झालं नाही” असं सांगणारे भेटतात. दाट ट्रेसला ओतलं तर क्रिया थोडी मंदावते, एवढाच त्याचा अर्थ.

तेलाचा हात फिरवण्याचं उत्तर दोन ओळींत देता येतं. ताज्या लायला साच्यावरचं खाद्यतेल म्हणजे आणखी कच्चा माल. ते साबणातच जिरतं, उरलंच तर वडीच्या बाजू बुळबुळीत होतात. पेट्रोलियम जेलीचं साबणीकरण होत नाही, त्यामुळे एकेका वडीच्या छोट्या साच्यांत तिचा थोडा उपयोग होतो. ताठ बाजूंच्या लोफमध्ये मात्र हवा आत शिरायला जागाच नसते, तिथे तीही हात टेकते.

अस्तर म्हणून तो सल्ला फॉइलच्या पुढे जातच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. लाकडी खोका असो, पुठ्ठ्याचा असो की स्टीलचा, आतला कागद नीट असेल तर साबण नीट निघतो. बटर पेपर म्हणून जे हाती येतं ते साधारण तीनपैकी एक असतं. सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंगचा कागद सर्वात भरवशाचा. मेण लावलेला कागद टाळावा, कारण लोफ तापला की मेण वितळतं, कागद साबणाला चिकटतो आणि सोलताना चिंध्या निघतात. तिसरा नुसता गुळगुळीत, विनालेपाचा कागद. तो ओल पिऊन लिबलिबीत होतो. ओळखायला सोपं आहे. नखाने खरवडलं आणि पांढरट मेण निघालं तर तो मेणाचा. पाण्याखाली धरल्यावर लगेच मऊ पडला तर तो विनालेपाचा. फ्रीझर पेपर मिळाला तर उत्तमच. त्याच्या एका बाजूला प्लास्टिकचा थर असतो, ती चकचकीत बाजू साबणाकडे ठेवायची.

कागद बसवतानाही घाई नको. एकच मोठा कागद कोपऱ्यांत चुरगळून कोंबला की प्रत्येक सुरकुती साबणावर उमटते. त्यापेक्षा दोन पट्ट्या कापाव्यात. एक साच्याच्या लांबीएवढी रुंद, ती एका लांब बाजूवरून उतरून तळावरून दुसऱ्या बाजूवर चढते. दुसरी साच्याच्या रुंदीएवढी, ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. दोन्ही पट्ट्या वर तीन-चार सेंटिमीटर बाहेर ठेवायच्या, पुढे त्याच धरून लोफ उचलता येतो. तळाच्या कडेला घडीवरून नख ओढून कागद कोपऱ्यात घट्ट बसवला नाही, तर वडीची खालची कड गोल येते. पातळ ट्रेसला ओतणार असाल तर पट्ट्यांच्या मधल्या फटीतून मिश्रण गळतं, तेव्हा साच्याखाली एक जुना स्टीलचा ट्रे असू द्या.

“गरम अन्न चालणारा प्लास्टिकचा डबा” हे अर्धं खरं. बुडाचा आकडा बघा. २ आणि ५, म्हणजे एचडीपीई आणि पॉलीप्रोपिलीन, लाय आणि उष्णता दोन्ही झेलतात. १, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं पीईटी, जेलच्या तापमानाला मऊ पडतं आणि तीव्र अल्कलीत खराबही होतं. ६, म्हणजे पॉलिस्टायरीन, संत्र्या-लिंबाच्या सुगंधी तेलांनी विरघळायला लागतं. चांगला डबासुद्धा कडक असेल तर वाकत नाही, मग लोफ आत अडकतो. तिथे कागद लावाच.

आता सिलिकॉन. त्याला अस्तर लागत नाही, हे खरं. पण “काहीच लागत नाही” हे खोटं. पातळ सिलिकॉनचा लोफ साचा भरला की लांब बाजू बाहेर फुगतात आणि मधल्या वड्या पोटाळ येतात. त्याला दोन्ही बाजूंनी लाकडी खोक्याचा नाहीतर जड विटांचा आधार हवा. दुसरं, कागदातून आणि लाकडातून थोडी ओल निघून जाते, सिलिकॉनमधून जात नाही. लाकडी साच्यातला जो साबण दुसऱ्या दिवशी निघाला असता, तो सिलिकॉनमध्ये, विशेषतः जेल न होता, तीन-चार दिवस घेऊ शकतो. घाईने ओढला तर कोपरे साच्यातच राहतात. अशा वेळी लोफ काही तास फ्रीझरमध्ये ठेवला तर तो आक्रसून सुटतो. हातमोजे मात्र घालाच, साबण अजून कच्चा असतो. जेल व्हावी म्हणून सिलिकॉनचा साचा गरम ओव्हनमध्ये ठेवला तर साच्याला टेकलेल्या बाजूंवर पुरळासारखे बारीक बुडबुडे उमटतात, तेही जाणून असावं.

“मावेल तेवढं ओता” याने तर लोफचं गणितच बिघडतं. साच्याची आतली लांबी, रुंदी आणि ओतायची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणा, आलेल्या आकड्याला ०.७ ने गुणा, म्हणजे तेलांचं वजन ग्रॅममध्ये मिळतं. २५ × ८ × ६.५ म्हणजे १३०० घनसेंटिमीटर, म्हणजे साधारण ९०० ग्रॅम तेलं. उथळ, रुंद साच्यातून ऊब लवकर निघून जाते. तिथे अर्धवट जेल होऊन वडीच्या मधोमध गडद वर्तुळ दिसण्याची शक्यता वाढते. अरुंद, खोल साचा ऊब धरून ठेवतो. दूध किंवा मध घातलेला साबण जास्त तापतो, फुगून वरून फुटूही शकतो, म्हणून तिथे वर दोन-तीन सेंटिमीटर जागा रिकामी ठेवावी आणि साचा गुंडाळून ठेवू नये.

खर्चाबद्दल मात्र त्या सल्ल्याशी भांडण नाही. महाग साचा खरंच लागत नाही. जुना लाकडी खण, बुटांचा मजबूत खोका, दुधाचा आतून प्लास्टिक लावलेला पुठ्ठ्याचा डबा, सगळं चालतं. दुधाच्या डब्याला कागदही लागत नाही. बाहेरून टेप गुंडाळायचा म्हणजे फुगत नाही, आणि साबण झाला की डबा फाडून टाकायचा. फक्त जास्त दिवस टिकणाऱ्या दुधाचा डबा असेल तर त्याच्या थरांमध्ये ॲल्युमिनियम असतं, तो नको.

राहता राहिलं “धुवून परत केकला वापरा”. सिलिकॉन वास धरून ठेवतं; लॅव्हेंडरचा साबण केलेला साचा कितीही घासला तरी पुढच्या केकला लॅव्हेंडर लागतंच. लाकडाच्या आणि ओरखडलेल्या प्लास्टिकच्या फटीत लायचे अंश राहू शकतात. साचा वेगळा ठेवा आणि त्याच्यावर जाड मार्करने ‘साबण’ लिहून टाका, कारण घरात दुसऱ्या कुणाला केकची हुक्की आली तर ते तुम्हाला विचारायला थांबणार नाहीत.