यदृच्छया निवडलेला बाप

"बाबा, एकच गणित आहे," म्हणत लेक वही घेऊन समोर बसली, तेव्हाच मी अंघोळीला पळायला हवं होतं.

गणित असं: लोकसंख्येत 30 टक्के मुलं, 50 टक्के मधल्या वयाचे, 20 टक्के ज्येष्ठ. मुलांपैकी 20 टक्के आजारी, मधल्यांपैकी 10, ज्येष्ठांपैकी 30. यदृच्छया निवडलेली व्यक्ती आजारी असण्याची संभाव्यता काढा.

'यदृच्छया' न अडखळता वाचल्याबद्दलच खरं तर निम्मे गुण द्यायला हवेत. मी टेचात 20, 10 आणि 30 ची बेरीज ठोकली. साठ टक्के!

"बाबा, सगळ्यात आजारी गटातसुद्धा 30च टक्के आहेत. सगळे मिळून 60 कसे होतील?"

मग मी तिनाने भागलं. वीस.

"तिन्ही गट सारखे आहेत का?" हा सूर आजवर या घरात फक्त मी लावत असे.

शेवटी टक्के सोडले आणि हजार माणसं रांगेत उभी केली. मुलं 300, त्यात आजारी 60. मधले 500, आजारी 50. ज्येष्ठ 200, आजारी 60. एकूण 170, म्हणजे 0.17. टक्क्यांत अर्धा तास दडून बसलेलं उत्तर डोकी मोजल्यावर मुकाट बाहेर आलं.

मी वही मिटणार, तोच खाली 'ब' दिसला: निवडलेली व्यक्ती आजारी आहे, तर ती ज्येष्ठ असण्याची संभाव्यता किती?

"30 टक्के! वरच लिहिलंय की."

वर लिहिले होते ज्येष्ठांतले आजारी. हवे होते आजाऱ्यांतले ज्येष्ठ. सगळे जावई पुरुष असतात, म्हणून सगळे पुरुष काही जावई होत नाहीत. (झाले असते तर पुरुषांचा मान केवढा वाढला असता!) इथे 170 पैकी 60, म्हणजे 6/17, साधारण 35 टक्के. मुलांचंही उत्तर नेमकं तेवढंच येतं. त्यांच्यात आजाराचं प्रमाण कमी, पण संख्या जास्त.

हा उलटा प्रश्न सोडवायची वाट थॉमस बेझ नावाच्या इंग्रज पाद्र्याने घालून दिली. ते 1761 मध्ये वारले आणि त्यांचा निबंध रिचर्ड प्राइस या मित्राने पुढे आणला, तो 1763 मध्ये. बेझ म्हणजे धोरणी माणूस. शंका विचारायला कोणी आलं, तर घरी सापडायलाच नको.

"बाबा, तुम्ही कुठल्या गटात?"

"मधल्या. सगळ्यात कमी आजारी असतात त्या."

"मग डोकं का धरलंय?"

मी गपचूप 50 खोडून 51 केले.