भट्टीवरच्या माणसाचं काय?

प्रदूषणाचे नियम कडक केले की कारखान्यांतल्या नोकऱ्या जातात, हे नेहमी ऐकू येणारं म्हणणं अर्धंच खरं आहे. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ मायकेल ग्रीनस्टोन यांनी १९७२ ते १९८७ चा हिशेब मांडला. हवेचे कडक नियम लागलेल्या काउंट्यांत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत), बाकीच्यांच्या तुलनेत, सुमारे ५,९०,००० नोकऱ्या कमी झाल्या. पण हा आकडा तुलनेचा आहे. त्यातलं काही काम नुसतं दुसऱ्या काउंटीत सरकलेलं असू शकतं. शिवाय धुराड्याला स्क्रबर, म्हणजे धूर धुऊन साफ करणारं यंत्र, बसला की त्याचे पंप, नोझल सांभाळायला माणसं लागतातच.

मला काळजी वाटते ती भट्टीवर वीस वर्षं काढलेल्या माणसाची. ज्वाळेचा रंग बघून तापमान ओळखणारं त्याचं कसब दुसरीकडे कोण विचारतो? काम मिळालं तरी पगार खाली येतो. नियम सैल करू नका, पण त्याच्या प्रशिक्षणाचा आणि मधल्या महिन्यांचा खर्च आधीच धरा.