बैठकीत न मावणारं अंतराळ

घरात बसून खेळायच्या अंतराळयुद्धाला जहाज लागतं, फासे लागतात, शत्रू लागतो, हे सगळे सांगतात. नऊ मीटर मोकळी फरशी लागते, हे कुणी सांगत नाही.

‘ट्रॅव्हलर’ या भूमिका घेऊन खेळायच्या, १९७७ साली आलेल्या अमेरिकी खेळाच्या १९८१ च्या नियमांत १ मिलिमीटर म्हणजे १०० किलोमीटर. ऐकायला सुटसुटीत. पण या मापाने पृथ्वी पावणेतेरा सेंटिमीटरची ताटली होते आणि चंद्र तिच्यापासून ३.८४ मीटरवर जातो. लातूरच्या आमच्या बैठकीत पृथ्वी टीव्हीखाली ठेवली, तर चंद्र मोरीत. एकदा दिसलेल्या जहाजाचा माग ३ प्रकाश-सेकंदांपर्यंत, म्हणजे प्रकाश ३ सेकंदांत जातो तेवढ्या अंतरापर्यंत काढता येतो. फरशीवर ९ मीटर! एवढी जागा फक्त माळवदावर. तिथे दुपारी तळपाय भाजतात आणि संध्याकाळी वारा सुटला की पुठ्ठ्याची जहाजं शेजारच्या पापडांवर उतरतात. खाली खेळावं तर पंखा, आणि एप्रिलात पंखा बंद करा म्हणणाऱ्याला इथे माणसात धरत नाहीत. म्हणून पुठ्ठा सोडून लोखंडी नट वापरावेत. ते उडत नाहीत.

आता जहाज. इथला टन वजनाचा नाही, जागेचा: १ टन द्रवरूप हायड्रोजनला लागते तेवढी, सुमारे १४ घनमीटर. २०० टनांच्या साध्या मालवाहू जहाजात नियंत्रणकक्ष २० टन, यंत्रं १५, संगणक १, दहा खोल्या ४०, शीतनिद्रेच्या वीस पेट्या १०, दोन तोफांच्या नेमयंत्रणेला २ आणि इंधन ३० टन. उरले ८२, ते मालाला. आमच्याकडचा खेळाडू सगळं सोडून टाकीकडेच बघतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पहिल्यांदा लातुरात आली, तेव्हा तिने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणलं होतं. तेवढ्यात ही टाकी भरून वर साडेपाच टन उरले असते. आणि यातले २० टन एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जायच्या एका उडीत संपतात! हे कळल्यावर माणूस हळहळतो, मालाच्या जागेत जादा टाकी बसवतो, आणि मग भाडं घटून जहाजाच्या कर्जाचा हप्ता थकतो.

खरा छळ थांबण्याचा. एक डाव १००० सेकंदांचा. मागच्या डावात जेवढं सरकलात तेवढंच याही डावात सरकायचं, फक्त १ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाएवढ्या ताकदीच्या इंजिनाने त्यात हव्या त्या दिशेला १० सेंटिमीटर मिळवायचे. सहा डाव इंजिन ताणलं की वेग डावाला ६० सेंटिमीटर. थांबायला पुन्हा सहाच डाव, आणि तोवर जहाज ५०, ४०, ३०, २०, १० असं दीड मीटर पुढे जातं. बहुधा कपाटाखाली.

आणि व्यापारी जहाजाला दिसतं किती? दीड मीटर. लुटारू दिसल्या क्षणी ब्रेक लावला, तर बरोबर त्याच्या दारात जाऊन उभे! लष्करी जहाजाची नजर ६ मीटर. समोरचा सगळं बंद करून गप्प बसला की पल्ला निम्मा होतो. ग्रहाभोवतीच्या कक्षेत गप्प बसला, तर आठवा हिस्सा. म्हणजे ताटलीच्या कडेला दबा धरून बसलेला लुटारू व्यापाऱ्याला १९ सेंटिमीटरवर दिसणार. वीतभरही नाही. ताटलीच्या पलीकडे गेला तर दिसणारच नाही. त्यामुळे मालवाल्याने ग्रहाजवळ डावाला २० सेंटिमीटरच्या वर वेग ठेवूच नये, असं माझं ठाम मत. कुणी ऐकत नाही.

पण हा नियम गप्प बसणाऱ्याच्या फायद्याचा आहे आणि गप्प बसणं आमच्याकडे कुणाला जमत नाही. लपलेल्या कप्तानाला हसू फुटतं, तो ताटलीकडे टक लावून बघतो, नाहीतर पंचाला विचारतो, “काय हो, दिसलो का मी?” पंचाने खऱ्या जागा आलेखाच्या कागदावर मांडून स्वयंपाकघरात बसावं. हुकूम चिठ्ठीने द्यावेत, आणि हलणार नसाल तरी दर डावाला चिठ्ठी द्यावीच. कोरी असली तरी घड्या चारच घालाव्यात. दोन घड्यांची चिठ्ठी कोरी असते, हे समोरच्याला दुसऱ्या डावातच कळतं.