एका गेटचं गाव

परवा उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर पुन्हा तोच विषय. "कोल्हापूरला एक मोठा प्रकल्प पाहिजे बघ. एका फटक्यात दहा हजार पोरांना काम." बोलणारा माझा शाळेपासूनचा दोस्त, स्वतः सहा लेथ टाकून बसलाय. मी म्हटलं, "भद्रावती बघितलीयस?" तर म्हणतो, "कोण ती?"

ही पोस्ट त्याच्यासाठी. लांब आहे, जेवून निवांत वाचा.

भद्रावती हे कर्नाटकातलं, शिमोग्याजवळचं गाव. आमच्या घरात हे नाव मी लहानपणापासून ऐकत आलोय. अण्णा मोल्डर होते. चाळीस वर्षं काळ्या मातीत उकिडवं बसून साचे भरले. त्यांच्या तोंडी सारखं "भद्रावतीचं पिग" असायचं. मला वाटायचं भद्रावती म्हणजे कुठलीतरी देवी असणार, अंबाबाईची धाकटी बहीण वगैरे. पिग म्हणजे कच्च्या लोखंडाची लादी. कपोलात, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीत, टाकायच्या आधी ती घणानं फोडायची. अण्णा फुटलेला तुकडा उन्हात धरून आतला दाणा बघायचे. करडा, भरड दाणा दिसला की मान हलवायची. पांढरा चकाकला की तोंड वाकडं, "हे कडक निघणार, टर्नरच्या शिव्या कोण खाणार?" आणि तुकडा बाजूला. लॅब नव्हती, केमिस्ट नव्हता. तुकडा, ऊन आणि डोळा, एवढ्यावर माल निघायचा.

मागच्या हिवाळ्यात शिमोग्याला लग्न होतं. येताना वाट वाकडी केली आणि अण्णांची ती देवी बघून आलो.

गावाचं जुनं नाव बेंकीपूर. कन्नडमध्ये बेंकी म्हणजे आग. कारखाना यायच्या आधीचं नाव आहे हे, विश्वास बसत नाही! भद्रा नदी गावातून जाते, होयसळांच्या काळातलं लक्ष्मीनरसिंहाचं देऊळ आहे. बाकी आडबाजूचं मलनाडी, म्हणजे डोंगरजंगलातलं गाव. तिथं म्हैसूर संस्थाननं १९१८ साली लोखंडाचा कारखाना काढायला घेतला. विश्वेश्वरय्यांच्या डोक्यातली ही गोष्ट. हे तेच, पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेले आणि खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे. कारखान्याचं पहिलं नाव म्हैसूर वुड डिस्टिलेशन अँड आयर्न वर्क्स. लोखंडाच्या कारखान्याच्या नावात लाकूड कशाला? तर त्या भागात दगडी कोळसाच नाही. जंगल मात्र मुबलक. म्हणून लाकडाचा कोळसा करायचा, त्यावर झोतभट्टी चालवायची आणि कोळसा करताना निघणाऱ्या वाफेतून वुड अल्कोहोल आणि डांबर काढून विकायचं. खनिज केम्मनगुंडीच्या डोंगरातून, रोपवेच्या टोपल्यांतून खाली उतरायचं. १९२३ ला भट्टी पेटली, तोवर पहिलं महायुद्ध संपून लोखंडाचा भाव पडलेला. सुरुवातच तोट्यात. विश्वेश्वरय्यांनी दिवाणपद सोडलं होतं, तरी ते परत आले आणि कारखान्याच्या मंडळाचे अध्यक्ष होऊन त्यांनी गाडा रुळावर आणला. पुढं पोलादाचा विभाग निघाला, शेजारी कागदाची गिरणी आली, सिमेंट आलं, जोगची वीज आल्यावर विजेच्या भट्ट्या आल्या.

एवढं झाल्यावर गाव गाव कसं राहील? हजारोंनी माणसं आली. तामिळ आली, तेलुगू आली. न्यू टाऊन झालं, पेपर टाऊन झालं. आजही तिथल्या वस्त्यांची नावं हीच आहेत. म्हणजे पत्ता सांगतानाच माणूस आपण कुठल्या गेटचे ते सांगून टाकतो.

आणि मग उतरण. कारखाना संस्थानकडून राज्य सरकारकडे, १९८९ ला सेल या केंद्र सरकारच्या पोलाद कंपनीच्या पंखाखाली, १९९८ ला सेलमध्ये पूर्ण विलीन. ज्या कारखान्याचा जन्म डोंगरातल्या खनिजावर झाला, त्याच्या हाताशी स्वतःची चालू खाण राहिली नाही. खनिज बाहेरून आणायचं, कोक बाहेरून आणायचा, यंत्रं जुनी, आणि स्पर्धा बळ्ळारीच्या नव्या अजस्र प्लांटशी. कागद गिरणीचं उत्पादन २०१५ ला थांबलं. २०२३ च्या जानेवारीत सेलनं कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. कंत्राटी कामगार गेटसमोर ठाण मांडून बसले, राजकारण तापलं, आणि ऑगस्टमध्ये सळ्या लाटणारी बार मिल तेवढी पुन्हा फिरवली. पण मोठी भट्टी थंड ती थंडच.

गेटसमोर एका टपरीवर चहा घेतला. शेजारी एक म्हातारबाबा, पांढरी लुंगी, हातात दुमडलेला पेपर. माझं कन्नड निपाणीपर्यंतचं, त्यांचं हिंदी तोडकंमोडकं. रोलिंग मिलमधून रिटायर झालेले. दोन पोरं बंगळुरात. मी कोल्हापूरचा म्हटल्यावर म्हणाले, "कोल्हापूर? तुमचा ऑइल इंजिन होता आमच्या शेतात." मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! त्यांच्याकडचं लोखंड आमच्याकडं आलं आणि इंजिन होऊन परत त्यांच्या शेतात गेलं. मग त्यांनी गेटकडं बोट दाखवलं. "पहले शिफ्ट छूटता था तो रोड क्रॉस करने को दस मिनट लगता था." त्या दिवशी सायकली नव्हत्या. एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपलेलं होतं आणि त्याला उठवायला कुणी आलं नाही.

आता आकडा. २००१ च्या जनगणनेत भद्रावती १ लाख ६० हजारांच्या घरात होती. २०११ ला १ लाख ५१ हजार. आपल्या देशात, शेजारची प्रत्येक वाडी फुगत असताना, एक शहर दहा वर्षांत लहान झालं. हा आकडा मी तीनदा तपासला. दुष्काळ नाही, पूर नाही, रोग नाही. नदी बारमाही, जमीन हिरवीगार. पोरं वयात आली आणि बंगळुरची गाडी धरली, एवढंच. आणि ही गळती तर बंदीच्या निर्णयाच्या कितीतरी आधीची. गेट उघडं असतानाच गाव रिकामं व्हायला लागलं होतं.

आता आपल्याकडं बघा. भद्रावतीचा पाया पडला त्याच १९१८ साली इथं बाबूराव पेंटर स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवून मोकळे झाले होते. परदेशी कॅमेरा बघायचा, उघडायचा आणि तसाच इथं घडवायचा. कोल्हापूरच्या मिस्त्रीचा हा स्वभावच आहे. तिकडं राजानं कारखाना काढला, इकडं राजानं मिस्त्र्यांना जपलं. शाहू महाराजांनीही मिल काढलीच की, १९०६ साली पाया घातला. शाहू मिलच्या भोंग्यावर निम्म्या शहराची घड्याळं लागायची. ती मिल २००३ ला बंद पडली. घरं उद्ध्वस्त झाली, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आमच्या गल्लीतच दोन होती. पण शहर आडवं झालं नाही. का? कारण तोवर पंचगंगेच्या पाण्यावर ऊस वाढला होता, उसाला पाणी द्यायला इंजिन लागलं, इंजिनाला कास्टिंग लागलं, आणि म्हादबा मेस्त्रींसारख्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी एकेक शेड टाकली होती. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल धरून तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत. एक बंद पडली तर तिचा मोल्डर दुपारी शेजारच्या शेडमध्ये उभा असतो. हे मी गंमतीनं सांगत नाही, माझा स्वतःचा बंद पडलेला धंदा दोन वर्षांनी पुन्हा सुरू झाला तो याच गणितावर. मंदीत पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाईकानं सात महिने पैसे दिले नाहीत, मी भट्टी थांबवली. पॅटर्न, म्हणजे साच्यांचे नमुने, शेजाऱ्याच्या माळ्यावर ठेवले, माणसं त्यानंच कामाला घेतली. परत सुरू केलं तेव्हा दोघं सोडून सगळी माझ्याकडं परत आली. भद्रावतीच्या रोलिंग मिलमधल्या कामगारानं कुठं जायचं होतं?

पण आता मीच माझ्या दोस्ताची बाजू घेतो, कारण तो अगदीच चुकीचं बोलत नाही. भद्रावतीच्या कामगाराला क्वार्टर होतं, दवाखाना होता, पोरांना शाळा होती. आमच्या अण्णांना काय मिळालं? डाव्या पायावर ओतीव लोखंडाचा डाग, छातीत वाळू आणि दिवाळीला एक पगार. लहान शेडमध्ये मालकही घामाघूम आणि गडीही घामाघूम, हे ऐकायला बरं वाटतं. पीएफ मात्र किती शेडमध्ये नीट भरला जातो ते आपल्याला माहीत आहे. शिवाय विजेचं बिल. इंडक्शन भट्टी म्हणजे वीज खाणारं जनावर, आणि दर वाढला की आमच्यातला कुणीतरी उठतो आणि "कर्नाटकात जाऊया" म्हणतो. हद्द ओलांडली की निपाणी, लांब काय आहे? ज्या कर्नाटकात भद्रावती आहे तिथंच. असो.

म्हणून मी म्हणतो, मोठा प्रकल्प मागताना आधी हे तर विचारा की तो आला तर या तीनशे शेडना काम देणार की यांची माणसं ओढून नेणार. पुढाऱ्यांना एक गेट आवडतं, कारण एका गेटवर एकच फीत कापायची असते. तीनशे शेडना स्वस्त वीज, वाळू टाकायला जागा आणि आयटीआयमध्ये चालू यंत्रं द्यायची, यात फोटो कुठं निघतो?

आणि लोकसंख्येचा आमचा वेगळाच घोळ. २०११ ला कोल्हापूर शहर ५ लाख ४९ हजार. पण १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून पन्नास वर्षं हद्द तीच, ६६.८२ चौरस किलोमीटर. उचगाव, पाचगाव, कळंबा, शिरोली, सगळं बाहेर. शहरात कमावून गावात झोपणारी माणसं कुठल्याच हिशेबात नीट येत नाहीत. हद्दवाढ म्हटली की गावं रस्ता रोखतात, त्यांचं म्हणणंही खोटं नाही, घरफाळा वाढणार आणि पाणी मिळेलच याची खात्री नाही. पण या घोळात आपल्याला हे कळतच नाही की आपण वाढतोय की गळतोय. भद्रावतीला निदान आकड्यानं सांगितलं. आमच्या वर्गातली चाळीसातली निम्मी पुण्यात आहेत, ती गळती कुठं लिहिलीय?

आणि त्यांच्या जागी कोण आलं ते भट्टीसमोर उभं राहून बघा. माझ्याकडं चौदा माणसं. पाच बिहारची, चार उत्तर प्रदेशातली, दोन ओडिशाची, तीन इथली, आणि त्या तिघांत सगळ्यात तरुण एक्कावन्न वर्षांचा. परवा हीट, म्हणजे भट्टीतलं वितळलेलं लोखंड, उतरवल्यावर, ओतायची लॅडल रिकामी करून पोरं पंख्याखाली बसली होती. २०२१ ची जनगणना झाली नाही, आता २०२७ ला होणार, हे मी त्यांना सांगत होतो. ओतकाम करणारा एक पोरगा आहे, सहा वर्षं झाली माझ्याकडं, गेल्या वर्षी बायकोला घेऊन आलाय, मुलगी इथल्याच अंगणवाडीत जाते. त्याला विचारलं, "गिनतीवाला आया तो गाँव कौन सा बतायेगा?"

त्यानं तोंडावरचा फडका काढला, जरा विचार केला आणि मराठीत म्हणाला, "शिरोली की."